लिब्रेऑफिस बेस पुन्हा पुन्हा अडतोय? डेटाला हात लावण्याआधी प्रोफाइल तपासा

बेस म्हणजे लिब्रेऑफिसमधला डेटाबेसचा प्रोग्रॅम. त्याची फाइल उघडते. डाव्या कडेला टेबल्स, क्वेरीज, फॉर्म्स, रिपोर्ट्स ही चार चिन्हं दिसतात. टेबल्सवर क्लिक केलं की कर्सर गोल फिरत राहतो, विंडो पांढरी पडते आणि शेवटी प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करावा लागतो. किंवा फॉर्म उघडतो, पण नोंदी मागे-पुढे करायची खालची पट्टीच गायब असते. कधी विंडो पडद्याच्या बाहेर कुठेतरी उघडते, कधी काल चालणारं बटण आज दाबलं तरी ढिम्म हलत नाही. बंद करून उघडलं की एखादा दिवस बरा जातो, मग परत तेच.

अशा वेळी बहुतेक जण प्रोग्रॅम काढून टाकतात आणि नव्याने टाकतात. मी स्वतः हे दोनदा केलं आहे आणि दोन्ही वेळा पहिल्याच क्लिकला तोच बिघाड समोर उभा राहिला. याचं कारण असं, की लिब्रेऑफिस काढताना फक्त प्रोग्रॅम जातो. तुमच्या सेटिंग ज्या फोल्डरमध्ये असतात तो यूजर प्रोफाइलचा फोल्डर जागेवरच राहतो. नवा प्रोग्रॅम सुरू झाला की तोच फोल्डर उचलतो, आणि त्यातला बिघाडही उचलतो. म्हणजे अर्धा तास खर्च करून आपण नेमकी तीच गोष्ट बदलतो जी बहुधा बिघडलेलीच नव्हती.

घाबरलेल्या माणसाला आधी एक गोष्ट सांगायला हवी. तुमच्या नोंदी, टेबलं, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट हे सगळं ओडीबी, म्हणजे बेसच्या फाइलच्या आत असतं (डेटा बाहेरच्या सर्व्हरवर ठेवला नसेल तर) आणि प्रोफाइलचा तिच्याशी संबंध नाही. प्रोफाइल कोरं केलं तर नोंदवहीतली एक ओळही जात नाही. पण प्रोफाइलमध्येही तुमच्या मेहनतीच्या काही गोष्टी पडलेल्या असतात आणि त्या कुठे आहेत हे माहीत नसलं तर त्या जातात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, तेवढं वाचल्याशिवाय काहीही डिलीट करू नका.

दोष नेमका कुठे आहे?

सेटिंग कोऱ्या करणं हा उपाय सोपा असल्यामुळे लोक तो कशावरही लावतात. त्याआधी पाच मिनिटं तपासात घालवा. बिघाड बहुधा तीनपैकी एका ठिकाणी असतो: फाइलमध्ये, प्रोफाइलमध्ये किंवा जावामध्ये (बेसला लागणारं वेगळं सॉफ्टवेअर).

फाइलची प्रत काढा आणि जे काही करायचं ते प्रतीवरच करा. मग फाइल मेनूतून नवा, रिकामा डेटाबेस तयार करा, त्यात दोन रकान्यांचं एक टेबल बनवा आणि एखादी नोंद भरा. हे सुरळीत झालं आणि फक्त तुमचीच फाइल अडत असेल, तर दोष फाइलमध्ये असण्याची शक्यता जास्त. नवा डेटाबेससुद्धा तसाच अडला तर फाइल निर्दोष आहे, प्रोफाइलकडे किंवा जावाकडे वळा.

फाइल तपासायची आणखी एक सोपी युक्ती आहे. ओडीबी फाइल म्हणजे मुळात झिप फाइलच असते. प्रतीचं नाव बदलून शेवटी झिप लावा आणि उघडून बघा. आत डेटाबेस, फॉर्म्स, रिपोर्ट्स असे फोल्डर आणि एक कंटेंट नावाची एक्सएमएल फाइल दिसायला हवी (फॉर्म किंवा रिपोर्ट एकही नसेल तर तो फोल्डर दिसणार नाही; डेटा बाहेरच्या सर्व्हरवर असेल तर डेटाबेस फोल्डरही नसेल). डेटाबेस जुन्या, एचएसक्यूएलडीबी (फाइलच्या आत बसणारं डेटाबेसचं इंजिन) पद्धतीचा असेल तर डेटाबेस फोल्डरात स्क्रिप्ट नावाची एक फाइल असते. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते आणि तिच्यात तुमची टेबलं कशी बनली आहेत ते वाचता येतं. झिपच उघडत नसेल किंवा हा फोल्डर रिकामा असेल तर फाइल तुटलेली आहे. मग सेटिंग शंभर वेळा कोऱ्या करूनही उपयोग नाही, बॅकअप शोधा.

आता जावा. टेबल्सवर क्लिक केल्यावरच अडणं हे लक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. फाइल उघडते तेव्हा बेस डेटाबेसच्या इंजिनाला अजून जोडलेला नसतो. टेबल्सवर क्लिक केलं किंवा फॉर्म उघडला की तो जोडणी करतो. फाइलच्या आत बसवलेलं एचएसक्यूएलडीबी जावावर चालतं, त्यामुळे जावाचा घोटाळा असेल तर तो नेमका इथेच उघडा पडतो. टूल्स, ऑप्शन्स, मग लिब्रेऑफिसखाली ॲडव्हान्स्ड इथे जा. जावाची यादी भरायला काही सेकंद लागतात, थांबा. यादी रिकामी राहिली, किंवा यादीत जावा दिसतोय पण समोरची खूण नाही, तर रोग सापडला. लिब्रेऑफिस ६४ बिटचं असेल तर जावाही ६४ बिटचाच लागतो; दुसरा जावा संगणकावर असला तरी तो नसल्यासारखाच. मॅकवर नुसता जावाचा रनटाइम पुरत नाही, पूर्ण जेडीके (जावाचा डेव्हलपरसाठीचा संच) टाकावं लागतं.

दोन तक्रारी अशा आहेत ज्यांच्यासाठी लोक विनाकारण सेटिंग कोऱ्या करतात. पहिली: टेबल उघडतं पण नवी नोंद भरता येत नाही. बहुतेक वेळा त्या टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना) नसते. बेस अशा टेबलातल्या नोंदी फक्त दाखवतो, बदलू देत नाही. टेबल एडिटमध्ये उघडा, एका रकान्याला प्रायमरी की करा, काम संपलं. दुसरी: अख्खी फाइलच फक्त वाचण्यासाठी उघडते. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला की फाइलशेजारी एक छोटी लपलेली लॉक फाइल मागे राहते, तिचं नाव डॉट, लहरी रेघ आणि लॉक या शब्दाने सुरू होतं. दुसरं कोणी ती फाइल वापरत नाही याची खात्री करा, लिब्रेऑफिस पूर्ण बंद करा आणि ती लॉक फाइल काढून टाका.

सेफ मोडमध्ये खात्री करा

फाइल ठीक, जावा ठीक, तरी बिघाड कायम असेल तर प्रोफाइलवर संशय घ्यायला हरकत नाही. पण अजूनही काही पुसायचं नाही. हेल्प मेनूत रीस्टार्ट इन सेफ मोड आहे, ते निवडा. ही सोय २०१७ मध्ये ५.३ आवृत्तीत आली. त्याआधी हाताने फोल्डर हलवण्याशिवाय मार्ग नव्हता. सेफ मोडमध्ये लिब्रेऑफिस तुमचं प्रोफाइल बाजूला ठेवून तात्पुरत्या कोऱ्या प्रोफाइलवर चालतं. समोर येणाऱ्या विंडोत कसलीही खूण न करता कंटिन्यू इन सेफ मोड दाबा, फाइल मेनूतून तुमची ओडीबी उघडा आणि जिथे अडत होतं नेमकं तेच करून बघा.

इथे दोन गोष्टींनी फसगत होते. सेफ मोडमध्ये मॅक्रोची (ठरावीक काम आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) सुरक्षा मूळच्या कडक पातळीवर असते आणि तुम्ही विश्वासू म्हणून नोंदवलेले फोल्डर त्याला माहीत नसतात. त्यामुळे फॉर्मवरचं मॅक्रोचं बटण तिथे चालणार नाही. तो बिघाड धरू नका. तसंच रायटरमधल्या (लिब्रेऑफिसचा लेखनाचा प्रोग्रॅम) एखाद्या पत्रात डेटाबेसमधली नावं येत असतील, तर सेफ मोडमध्ये तो डेटाबेस सापडणार नाही, कारण त्याची नोंद तुमच्या खऱ्या प्रोफाइलमध्ये आहे. तपास ओडीबी थेट उघडूनच करा.

सेफ मोडमध्ये सगळं नीट चाललं तर गुन्हेगार प्रोफाइल. तिथेही अडलं तर प्रोफाइल निर्दोष आहे. त्याला सोडा आणि वर सांगितलेल्या फाइल-जावाकडे परत जा.

फॉर्मवर काळे ठिपके, चट्टे किंवा लुकलुकणं दिसत असेल तर सेफ मोडच्या विंडोत कॉन्फिगर भागात हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करायची सोय आहे, आधी ती वापरा. विंडोजवर ७.० आवृत्तीपासून पडद्यावरचं चित्र काढायला स्किया नावाचं ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर वापरलं जातं आणि काही ग्राफिक्स ड्रायव्हरशी त्याचं जमत नाही. हा घोटाळा एका खुणेने मिटतो, त्यासाठी अख्खं प्रोफाइल घालवायची गरज नाही.

प्रोफाइलमध्ये काय काय आहे

विंडोजवर फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह देऊन टाका आणि एंटर दाबा. रोमिंग फोल्डर उघडेल. त्यात लिब्रेऑफिस, त्यात ४, त्यात यूजर. लिनक्सवर होम फोल्डरातल्या लपलेल्या डॉट कॉन्फिगमध्ये, आणि मॅकवर तुमच्या लायब्ररीतल्या ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये हीच साखळी असते. लिनक्सवर फ्लॅटपॅक किंवा स्नॅप पॅकेजमधून टाकलेलं लिब्रेऑफिस वापरत असाल तर जागा वेगळी असते. तेव्हा सेफ मोडच्याच विंडोत ॲडव्हान्स्ड भागात प्रोफाइल दाखवणारं बटण आहे, ते थेट तिथे नेतं. त्या ४ वर विचार करत बसू नका. आवृत्ती ५, ६, ७ झाली, २०२४ पासून आवृत्तीला वर्षाचा आकडा लागला, फोल्डर मात्र ४ च राहिला. हा ४ पुढे पुन्हा भेटणार आहे.

यूजर फोल्डर उघडा आणि एकदा शांतपणे बघा. बेसिक फोल्डरमध्ये माय मॅक्रोजखाली लिहिलेले तुमचे मॅक्रो आहेत. वर्डबुकमध्ये तुम्ही शब्दकोशात घातलेले शब्द, ऑटोकरमध्ये आपोआप दुरुस्तीच्या तुमच्या जोड्या, टेम्प्लेटमध्ये नमुने, गॅलरीत चित्रं. यूनो पॅकेजेस म्हणजे तुम्ही टाकलेली एक्स्टेन्शन. कॉन्फिगमध्ये बदललेले टूलबार आणि जावाची निवड. डेटाबेस नावाचाही एक फोल्डर दिसेल आणि तो बघून छातीत धस्स होईल. त्यात संदर्भग्रंथांच्या नोंदींचा तयार डेटाबेस असतो. तुम्ही त्यात कधी काही भरलं नसेल तर काळजी नाही. भरलं असेल तर तो जपा.

आणि मग रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स नावाची एक्ससीयू फाइल. सगळ्या सेटिंगचं गाठोडं हेच. ही साधी एक्सएमएल फाइल आहे, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, आणि बहुतेक सेटिंग एकेका ओळीत असतात: कुठल्या विंडोची जागा काय, अलीकडे कोणत्या फाइल उघडल्या, मॅक्रोची सुरक्षा किती, साठवलेले पासवर्ड, आणि नोंदवलेले डेटाबेस. लिहिता लिहिता वीज गेली, बॅटरी संपली, डिस्क भरली, की हीच फाइल अर्धवट राहण्याची भीती असते.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा यूजर फोल्डर सरळ डिलीट केला. बेस लगेच चालू लागला, हायसं वाटलं. दोन दिवसांनी सभासदांच्या फॉर्मवरचं वर्गणीची पावती काढायचं बटण दाबलं आणि मॅक्रो सापडत नाही असा संदेश आला. तो मॅक्रो मी ओडीबीच्या आत न ठेवता माय मॅक्रोजमध्ये लिहिला होता. तीन संध्याकाळी खपून लिहिलेला तो कोड परत मिळाला नाही. म्हणून आता कोणी विचारलं की मी एकच शब्द वापरतो: नाव बदला. डिलीट नाही, नाव बदला.

प्रत्यक्ष रीसेट

लिब्रेऑफिसच्या सगळ्या विंडो बंद करा. मग टास्क मॅनेजर उघडून सॉफिस डॉट बिन नावाची प्रक्रिया मागे चालू राहिलेली नाही ना ते बघा, असेल तर संपवा. हे काम टाळू नका. प्रोग्रॅम चालू असताना फोल्डरला हात लावला तर विंडोज बहुधा नाव बदलूच देणार नाही, आणि दिलंच तर प्रोग्रॅम बंद होताना जुन्या सेटिंग परत लिहून ठेवतो. मग रीसेट करूनही काही झालं नाही असं वाटत राहतं.

आधी अर्धाच रीसेट करा. फक्त रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स फाइलचं नाव बदला, शेवटी जुनी असं काही जोडा, आणि लिब्रेऑफिस सुरू करा. नवी फाइल आपोआप तयार होते. मॅक्रो, शब्दकोश, नमुने जागेवर राहतात, जातात त्या फक्त सेटिंग. माझ्या अनुभवात बेसच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात. सेफ मोडच्या विंडोतही हेच करणारी सोय आहे, रीसेट टू फॅक्टरी सेटिंग्जखाली सेटिंग आणि दिसण्यातले बदल पुसणारी खूण. त्याच विंडोत रिस्टोअर फ्रॉम बॅकअप हाही पर्याय असतो. लिब्रेऑफिस शेवटच्या चांगल्या चालणाऱ्या सेटिंगची प्रत स्वतः ठेवतं. ती खूण करता येत असेल तर सगळ्यात आधी तीच वापरून बघा, कमीत कमी नुकसानीचा तो मार्ग आहे.

एवढ्याने भागलं नाही तर पुन्हा सगळं बंद करा आणि अख्ख्या यूजर फोल्डरचं नाव बदला. लिब्रेऑफिस सुरू केलं की नवा यूजर फोल्डर बनतो. पहिल्यांदा सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागेल, मध्येच बंद करू नका. काही टाकायच्या आधी बेस उघडा आणि अडणारं काम करून बघा.

चाललं? आता जुन्यातलं नव्यात आणायचं, पण एकेक करून. लिब्रेऑफिस बंद, जुन्या फोल्डरातला बेसिक नव्यात कॉपी, सुरू, तपास. मग वर्डबुक आणि ऑटोकर. यूनो पॅकेजेस कॉपी करू नका. एक्स्टेन्शन नव्याने टाका, रोज एक, आणि मध्ये दिवसभर काम करून बघा. बिघाड परतला तर त्या दिवशी जे आणलं तेच कारण. सगळं एकदम कॉपी केलं तर बिघाडही सोबत आणला जातो आणि कुठल्या पिशवीतून आला ते कळत नाही.

नोंदवलेले डेटाबेस पुन्हा नोंदवा: टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस बेस, डेटाबेसेस, न्यू. नाव अक्षरशः पूर्वीचंच द्या. रायटरमधली पत्रं डेटाबेस नावाने शोधतात; सभासद ऐवजी सभासद यादी असं नोंदवलंत तर जुनं प्रत्येक पत्र रिकामं येईल. नावं आठवत नसतील तर जुनी रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि रजिस्टर्डनेम्स हा शब्द इंग्रजीत शोधा. नाव आणि फाइलचा पत्ता दोन्ही तिथे सापडतात. मॅक्रोसाठी विश्वासू फोल्डरही पुन्हा सांगावा लागेल, आणि जावाच्या यादीतली खूण एकदा बघून घ्या.

बिघाड परत आला तर

रीसेट केल्यावर काही आठवड्यांनी तेच सुरू झालं, तर पुन्हा रीसेट करून गप्प बसू नका. प्रोफाइल वारंवार बिघडतं तेव्हा त्याला कोणीतरी बिघडवत असतं. डिस्कमध्ये जागा आहे का बघा. संगणक बंद करताना बेस आधी बंद करता का, की झाकण मिटवून निघता? एखादं एक्स्टेन्शन जुनं आहे का? आणि प्रोफाइलचा फोल्डर कुठल्या सिंक होणाऱ्या जागेत तर नाही ना, दोन संगणक त्यावर आलटून पालटून लिहीत तर नाहीत ना?

याच सवयीतला एक धोका प्रोफाइलचा नसून डेटाचा आहे, तोही इथेच सांगतो. फाइलच्या आत बसवलेला डेटाबेस चालू असताना त्यातलं काम तात्पुरत्या जागी होतं आणि सेव्ह केल्यावर ओडीबीत परत बांधलं जातं. मध्ये प्रोग्रॅम कोसळला तर त्या बैठकीतल्या नोंदी जाऊ शकतात. म्हणून फॉर्ममध्ये नोंद भरली की बेसच्या मुख्य विंडोत येऊन तिथलंही सेव्ह दाबा. रोज भर पडणारी मोठी नोंदवही असेल तर डेटा फाइलच्या बाहेर, स्वतंत्र डेटाबेस सर्व्हरवर ठेवावा आणि बेस फक्त फॉर्म-रिपोर्टसाठी वापरावा, असं माझं ठाम मत आहे.

माझ्याकडे पहिल्या रीसेटनंतर तीन आठवड्यांनी नोंदींची पट्टी पुन्हा गायब झाली. दुसऱ्यांदा, या वेळी नाव बदलून, रीसेट केला. दहा दिवसांत परत तेच. मग फोल्डरातल्या फाइलींच्या तारखा बघत बसलो तेव्हा लक्षात आलं, की ज्या दिवशी बिघाड झाला त्याच्या आदल्या दिवशी मी जुनी आवृत्ती उघडली होती. एक जुनी फाइल तपासण्यासाठी ती मी वेगळ्या फोल्डरात टाकून ठेवली होती. दोन आवृत्त्या, पण प्रोफाइल एकच, तो मघाचा ४. जुनी उघडली की ती नव्या आवृत्तीच्या सेटिंगवर आपल्या समजुतीप्रमाणे लिहायची आणि नवी उघडली की पट्टी हरवायची.

उपाय एका ओळीचा निघाला. जुन्या आवृत्तीच्या प्रोग्रॅम फोल्डरात बूटस्ट्रॅप नावाची आयएनआय फाइल असते (लिनक्सवर तिचं नाव बूटस्ट्रॅपआरसी). तिच्यात यूजरइन्स्टॉलेशन या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी ४ आहे, त्याजागी ४ जुनी असं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि सेव्ह करा. विंडोजवर यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून एडिटर उघडावा लागतो, आणि ती आवृत्ती पुन्हा टाकली तर हा बदल पुन्हा करावा लागतो. त्यानंतर दोन्ही आवृत्त्या आपापल्या प्रोफाइलवर चालू आहेत आणि पट्टी जागेवर आहे.